ओळंबा, हिमालय आणि पृथ्वीची वक्रता : १८५५ च्या भूगणितीय वादाचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

पृथ्वीचा परीघ कसा काढावा याची रीत भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये (इ. स. ११५०) सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात एका साध्या त्रैराशिकाच्या रूपाने सांगितली आहे. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरील दोन नगरांमधील अंतर मोजावे, दोन्ही नगरांच्या अक्षांशांमधील फरक काढावा आणि एवढ्या अंशांना एवढे अंतर, तर ३६० अंशांना किती, असा प्रश्न करावा. यातून त्यांनी परिघाचे मान ४९६७ योजने दिले आहे. ग्रीक परंपरेतील इरॅटोस्थेनिसची रीत तत्त्वतः हीच आहे आणि नवव्या शतकात खलिफा अल्-मामून याच्या आज्ञेने वाळवंटात झालेली मोजणीही याच तत्त्वावर आधारलेली होती. अल्-बिरुनीने नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिजाचा अवनमन कोन मोजून वेगळा मार्ग चोखाळला. मैदानात मैलोन्‌मैल दोर ओढण्याचे कष्ट त्यामुळे वाचले, परंतु क्षितिजाकडून येणारा किरण हवेत वाकतो आणि हे वाकणे तापमानाप्रमाणे बदलते, ही त्या रीतीतील अडचण दूर होण्यासारखी नव्हती. म्हणून पुढील सातशे-आठशे वर्षे वक्रतेच्या मापनाचा राजमार्ग म्हणजे रेखावृत्ताच्या कंसाची मोजणी हाच राहिला.

या राजमार्गावरील वाद प्रामुख्याने अंतराबद्दल झाले असावेत, असे वरवर पाहता वाटते. साखळी तापली की लांबते, थिओडोलाइट हिंदकळतो, जंगलात पुढचे ठाणे दिसत नाही, या अडचणी सर्वेक्षणाच्या इतिहासात पानोपानी आढळतात. तथापि खरा पेच त्रैराशिकाच्या दुसऱ्या पदात, म्हणजे अक्षांशात दडलेला होता. अक्षांश ठरविण्यासाठी ताऱ्याचे खमध्यापासूनचे अंतर मोजावे लागते. खमध्य म्हणजे डोक्यावरचा नेमका बिंदू, आणि तो कोठे आहे हे सांगणारा साक्षीदार एकच : ओळंबा. या साक्षीदाराच्या विश्वासार्हतेविषयी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानातील मोजणीच्या निमित्ताने जो वाद झाला, त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पॅरिसमधील पूर्वपीठिका

या वादाची बीजे फ्रान्समध्ये सापडतात. झां पिकार याने १६६९-७० मध्ये पॅरिसच्या परिसरात एका अंशाची लांबी ५७,०६० त्वाज काढली. १६७२ मध्ये झां रिशे विषुववृत्तानजीकच्या केयेन येथे गेला असता त्याचे लंबकाचे घड्याळ मागे पडू लागले. लंबकाची लांबी सुमारे सव्वा लीन्य, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर, कमी केल्यावर ते ताळ्यावर आले. न्यूटनने १६८७ मध्ये यावरून पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याचे प्रतिपादन केले. उलट झाक कासिनी याने फ्रान्समधील मोजण्यांच्या आधारे १७२० मध्ये ती ध्रुवांच्या दिशेने लांबट असल्याचे जाहीर केले. फ्रान्सच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंशाच्या लांबीत पडणारा फरक उपकरणांच्या त्रुटीपेक्षाही लहान होता आणि कासिनीचे अनुमान त्या त्रुटीतच बुडालेले होते. शेवटी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७३५ मध्ये एक मोहीम विषुववृत्ताकडे (तत्कालीन पेरू, आजचे इक्वेडोर) आणि १७३६ मध्ये दुसरी लॅपलँडकडे पाठविली. लॅपलँडमध्ये अंश सुमारे ५७,४३८ त्वाज भरला, तर पेरूत सुमारे ५६,७५३. ध्रुवाकडे अंश लांब होत जातो, म्हणजे तिकडे वक्रता कमी आहे, हे सिद्ध झाले व न्यूटनचा पक्ष सरस ठरला.

पाठ्यपुस्तकांत ही कथा येथे संपते. पेरूच्या मोहिमेतील पिएर बूगेर याने १७३८ मध्ये केलेला एक दुय्यम प्रयोग मात्र क्वचितच सांगितला जातो. चिंबोराझोसारखा प्रचंड पर्वत ओळंब्याला आपल्याकडे ओढील, असे न्यूटनच्या सिद्धांतावरून निघते. बूगेरने ही ओढ मोजण्याचा प्रयत्न केला. ओढ सापडली, पण गणिताने यावी तिच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. पर्वताच्या पोटात ज्वालामुखीमुळे पोकळी असावी, असा तर्क करून विषय मागे पडला. १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलिन याने स्कॉटलंडमधील शिहॅलियन या डोंगराच्या दोन्ही बाजूंनी निरीक्षणे घेतली. दोन्हीकडची ओढ मिळून ११.६ विकला भरली. एक गोष्ट मात्र आता निर्विवाद झाली. डोंगराजवळचा ओळंबा ‘खाली’ची दिशा अचूक दाखवीत नाही. मग डोंगराजवळ मोजलेल्या अक्षांशावर आणि त्यातून निघालेल्या वक्रतेवर विश्वास किती ठेवावा?

हिंदुस्थानातील महाकंस : लॅम्बटन ते एव्हरेस्ट

श्रीरंगपट्टणचा पाडाव (१७९९) झाल्यावर ३३ व्या पलटणीतील विल्यम लॅम्बटन याने द्वीपकल्पाच्या त्रिकोणमितीय मोजणीची योजना मांडली. एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट येथे सुमारे साडेसात मैलांची पहिली तळरेषा मोजली जाऊ लागली. तिच्यासाठी वापरलेली पोलादी साखळी आणि अक्षांशासाठी वापरलेले रॅम्सडेनचे खमध्यदर्शक यंत्र ही मुळात १७९३ मध्ये मकार्टनीच्या शिष्टमंडळाबरोबर चीनच्या दरबारात भेट म्हणून गेली होती. तेथे ती नाकारली गेली आणि फिरत फिरत हिंदुस्थानात पोहोचली. साम्राज्याच्या विज्ञानात योगायोगाचा वाटा किती असतो, याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

लॅम्बटनचा हेतू केवळ नकाशापुरता मर्यादित नव्हता. विषुववृत्ताच्या जवळचा दीर्घ कंस मोजून पृथ्वीच्या आकाराच्या प्रश्नात भर घालावी, ही त्याची खरी महत्त्वाकांक्षा होती, आणि कंपनीच्या हिशेबी अधिकाऱ्यांना ती पटवून देताना त्याला बरेच शब्द खर्चावे लागले. दक्षिणेतील कामातच त्याला पहिली विसंगती भेटली. बंगळूरजवळील दोड्डगुंटा येथील निरीक्षण इतर ठाण्यांशी जुळेना. भूगर्भातील एखाद्या जड द्रव्याने ओळंबा ओढला जात असावा, असा तर्क त्याने केला. डोंगर दिसतो, टाळता येतो. जमिनीखालचे द्रव्य दिसतही नाही आणि टाळताही येत नाही. लॅम्बटनच्या तर्काचा हा अर्थ पन्नास वर्षांनी कळावयाचा होता.

१ जानेवारी १८१८ रोजी या कामाला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ असे नाव मिळाले. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट साहाय्यक म्हणून नेमला गेला. कंस बिदरनजीकच्या दामरगिड्ड्यावरून उत्तरेस वऱ्हाडात शिरला आणि एलिचपूरजवळील (आजचे अचलपूर) टाकळखेडा येथे ठाणे झाले. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. वर्धा जिल्ह्यातील या गावाचे नाव जागतिक भूगणिताच्या इतिहासात या कारणाने आले आहे, याची नोंद आपल्याकडील स्थानिक इतिहासलेखनात अधिक ठळकपणे व्हावयास हवी.

एव्हरेस्टने पुढे जो पवित्रा घेतला तो समजून घेणे आवश्यक आहे. टाकळखेड्याच्या उत्तरेस सातपुड्याचा डोंगराळ उंच प्रदेश आहे. तो ओळंब्याला उत्तरेकडे ओढत असणार, म्हणून हे ठाणे अक्षांशासाठी अयोग्य, असे त्याचे मत झाले. १८३० मध्ये त्याने प्रसिद्ध केलेला कंस १८°३′ ते २४°७′ या अक्षांशांदरम्यानचा, म्हणजे दामरगिड्डा ते माळव्यातील सिरोंजजवळचे कल्याणपूर असा आहे. थोडक्यात, त्याच्या लेखी पर्वताचे आकर्षण ही एक अशुद्धी होती. ठाणे नीट निवडले की ती टळेल, ही त्यामागील धारणा. त्याच वर्षी इंग्लंडहून परतताना त्याने तापमानाचा परिणाम न होणाऱ्या कोल्बीच्या जोडपट्ट्या आणि नवे थिओडोलाइट आणले व आधीच्या तळरेषा पुन्हा मोजविल्या. नव्या मोजणीची कसोटी अशी : एका तळरेषेवरून त्रिकोणांच्या साखळीने शेकडो मैलांवरील दुसऱ्या तळरेषेची लांबी गणिताने काढावयाची व ती प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीशी ताडून पाहावयाची. सात-आठ मैलांच्या रेषेत फरक अवघ्या काही इंचांचा येऊ लागला.

हे काम एकट्या एव्हरेस्टचे नव्हते. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हे उपकरणे दुरुस्त करीत, तर १८३१ मध्ये गणक म्हणून नेमले गेलेले राधानाथ सिकदार यांनी भूगणिताच्या आकडेमोडीचा मोठा भार उचलला. १८५१ च्या सर्वेक्षण-पुस्तिकेत सिकदारांच्या साहाय्याचा स्पष्ट उल्लेख होता. त्यांच्या निधनानंतर निघालेल्या १८७५ च्या आवृत्तीतून तो वगळण्यात आला. वक्रता कोणी मोजली, या प्रश्नाचे उत्तर देताना हा वगळलेला परिच्छेदही पुरावा म्हणून विचारात घ्यावा लागतो.

५.२३६ विकला

एव्हरेस्ट १८४३ मध्ये निवृत्त झाला व १८४७ मध्ये त्याने कंसाच्या दोन विभागांचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. उत्तरेकडील विभाग कल्याणपूरपासून मुजफ्फरनगरनजीकच्या कलियाना या ठाण्यापर्यंतचा, साधारण सहाशे किलोमीटरचा आहे. कलियाना हिमालयाच्या पायथ्यापासून दूर, सपाट मैदानात मुद्दाम निवडलेले होते. त्रिकोणांच्या साखळीवरून दोन्ही ठाण्यांच्या अक्षांशांतील फरक ५°२३′४२.२९४″ येत होता. ताऱ्यांवरून, म्हणजे ओळंब्याच्या साक्षीने, तो ५°२३′३७.०५८″ आला. तफावत ५.२३६ विकलांची.

सामान्य वाचकाला हा आकडा नगण्य वाटेल. जमिनीवर त्याचे मोल सुमारे १६० मीटर होते. सात मैलांत काही इंचांचीच चूक करणाऱ्या मोजणीला सहाशे किलोमीटरमध्ये दीडशे मीटरहून अधिक चूक होणे शक्य नव्हते. वक्रतेच्या भाषेत सांगावयाचे तर, ताऱ्यांवरून आलेला फरक खरा मानला तर त्या प्रदेशात प्रत्येक अंश थोडा लांब भरतो, म्हणजे पृथ्वी तेथे किंचित अधिक सपाट ठरते. प्रस्तुत लेखकाने केलेल्या ढोबळ गणिताप्रमाणे वक्रतेच्या त्रिज्येत हा फरक सुमारे १.७ किलोमीटरचा पडतो. न्यूटन आणि कासिनी यांच्या वादापासून जी सूक्ष्मता भूगणिताने कमावली होती, तिच्यापुढे हा आकडा क्षम्य नव्हता.

अशी तफावत मोजणीतील त्रुटी समजून साखळीभर वाटून टाकण्याचा सर्वेक्षणात रिवाज असतो. हिशेबनीस जमेच्या आणि खर्चाच्या बाजूंत किरकोळ फरक ‘किरकोळ’ या खाती टाकून मोकळा होतो, त्यातलाच हा प्रकार. एव्हरेस्टचा उत्तराधिकारी अँड्र्यू वॉ याने हा प्रश्न कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांच्यापुढे ठेवला. प्रॅट हे धर्मोपदेशक, पण केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत तिसरे आलेले. (शास्त्र आणि बायबल यांच्यात विरोध नाही, हे दाखविणारे त्यांचे पुस्तकही पुढे १८५६ मध्ये निघाले.) ओळंबा उत्तरेकडे ओढला गेला की खमध्य दक्षिणेकडे सरकतो व अक्षांश कमी भरतो. कलियाना हिमालयाला जवळ, कल्याणपूर दूर. तेव्हा तफावतीची दिशा हिमालयाकडेच बोट दाखवीत होती.

प्रॅट यांनी हिमालय आणि त्यापलीकडील तिबेटचे पठार यांचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येकाचे आकर्षण मोजले. रॉयल सोसायटीच्या १८५५ च्या नियतकालिकात हा निबंध आहे. त्यांच्या गणिताने कलियानाचा ओळंबा २७.८५३ विकला आणि कल्याणपूरचा ११.९६८ विकला कलावयास हवा होता. फरक १५.८८५ विकला, म्हणजे प्रत्यक्ष तफावतीच्या तिप्पट. ज्या पर्वताला आरोपी ठरविण्यासाठी चौकशी आरंभली, त्याने अपेक्षेपेक्षा फार कमी गुन्हा केला असल्याचे निष्पन्न झाले.

प्रॅट यांचे गणित अपुऱ्या माहितीवर उभे होते, हेही सांगितले पाहिजे. नेपाळ व तिबेट इंग्रज सर्वेक्षकांना बंद होते. पठाराची उंची प्रवाशांच्या वर्णनांवरून अंदाजाने घ्यावी लागली. नैनसिंह रावत वेष पालटून ल्हासाला पोहोचले ते जानेवारी १८६६ मध्ये, आणि पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून उंची काढण्याइतकीच साधने त्यांच्याजवळ होती. भूगणितातील एक मोठी अनिश्चितता राजकीय सरहद्दीमुळे निर्माण झाली होती. तथापि पठाराची उंची बरीच कमी धरली तरी १५.८८५ चे ५.२३६ होत नव्हते, आणि प्रॅट यांनी ही विसंगती झाकून न ठेवता जशीच्या तशी मांडली. त्यांच्या निबंधाचे मोल माझ्या मते यातच आहे.

एअरी यांचे उत्तर आणि प्रॅट यांचा आक्षेप

त्याच वर्षी राजज्योतिषी जॉर्ज बिडेल एअरी यांनी अवघ्या काही पानांचे टिपण लिहून उत्तर दिले. प्रॅट यांचा निष्कर्ष पाहून प्रथम आपल्याला आश्चर्य वाटले, परंतु विचारांती यात विसंगती नाहीच असे दिसले, असा त्यांचा सूर आहे. एवढे मोठे पठार भूकवचाच्या बळावर तोलून धरणे शक्य नाही; कवच मोडेल. म्हणून ते खालच्या जड द्रवावर तरंगत असले पाहिजे. पाण्यावर ओंडक्यांचा तराफा असावा आणि त्यातील एखादा ओंडका इतरांपेक्षा अधिक वर आलेला दिसावा, तर तो खालीही अधिक खोल बुडालेला असणार, असे ओळखावे. पर्वताखाली हलक्या द्रव्याचे मूळ खोल गेलेले असते. वरच्या वस्तुमानाची ओढ आणि खालची उणीव दुरून पाहता एकमेकींना जवळपास छेद देतात.

प्रॅट यांनी हे मान्य केले नाही. १८५९ च्या निबंधात त्यांनी आक्षेप घेतले की, भूकवच इतके पातळ असल्याला पुरावा नाही आणि थिजताना द्रव्य आकसते, तेव्हा घन कवच खालच्या द्रवापेक्षा हलके कसे? त्यांची पर्यायी कल्पना अशी की, पर्वत म्हणजे एका ठरावीक खोलीपासून वरचे द्रव्य प्रसरण पावून उंचावलेला भाग. उंची वाढली तितकी घनता घटली. एअरी यांच्या मते मुळांची खोली बदलते, घनता तीच. प्रॅट यांच्या मते खोली तीच, घनता बदलते.

आज भूकंपलहरींवरून तिबेटखालचे कवच सुमारे ७० किलोमीटर जाड असल्याचे समजते. भारतीय द्वीपकल्पाखाली ते त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. हिमालयाबाबत एअरी यांचे चित्र अधिक खरे ठरले. महासागरांच्या तळाबाबत मात्र घनतेचा मुद्दा, म्हणजे प्रॅट यांची दिशा, उपयोगी पडते. ‘समस्थायित्व’ या अर्थाची ‘आयसोस्टसी’ ही संज्ञा अमेरिकन भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन याने १८८९ मध्ये वापरली. भूविज्ञानाच्या वर्गात ती शिकविताना ती कोठल्या वादातून आली हे क्वचितच सांगितले जाते. विद्यार्थ्याला तराफ्याचे चित्र मिळते, ५.२३६ हा आकडा मिळत नाही.

इतिहासलेखनाचा प्रश्न

या सर्वेक्षणावरील अलीकडील लेखनाचे दोन प्रवाह आहेत. जॉन की याच्या २००० मधील ‘द ग्रेट आर्क’ या लोकप्रिय ग्रंथाचा ओघ माणसांच्या धडाडीकडे आणि अखेरीस सर्वोच्च शिखराकडे वाहतो. मॅथ्यू एडनी याचा १९९७ मधील ‘मॅपिंग अॅन एम्पायर’ हा ग्रंथ नकाशातून सत्ता कशी घडते, हे दाखवितो. एडनीचे प्रतिपादन अधिक भक्कम आहे, यात शंका नाही. महसूल, लष्कर आणि रस्ते यांच्या गरजांवाचून हे सर्वेक्षण उभेच राहिले नसते. परंतु १८५५ चा वाद या चौकटीत नीट बसत नाही, असे मला वाटते. ५.२३६ विकलांचा फरक वाटून टाकला असता तर साम्राज्याच्या कोणत्याही नकाशाचे काही बिघडले नसते. करवसुलीत एक रुपयाही घटला नसता. तो प्रश्न उपस्थित झाला तो केवळ आकडे आपसांत जुळले पाहिजेत, या आग्रहापोटी. सत्तेने उभारलेल्या यंत्रणेतून सत्तेला नको असलेले, किंबहुना तिला ज्याचे सोयरसुतक नाही असे ज्ञानही निघू शकते. त्यासाठी सत्तेला निर्दोष ठरविण्याचे कारण नाही.

ओळंब्याची साक्ष अशी फिरल्यावर वक्रता मोजण्याच्या प्रश्नाचा अर्थच बदलला. यापूर्वी मोजणारा पृथ्वीचा एक नियमित आकार गृहीत धरीत असे आणि त्यापासूनच्या विचलनाला चूक म्हणत असे. आता विचलन हीच मोजावयाची राशी झाली. १८६५ पासून कॅप्टन बसेव्ही याने कंसावरील ठाण्यांवर लंबकांनी गुरुत्वाकर्षण मोजण्याचे काम हाती घेतले. समुद्रकिनाऱ्यापासून लडाखपर्यंत त्याने लंबक वाहून नेले. हिमालयाच्या उंच प्रदेशात गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा कमी भरले. जुलै १८७१ मध्ये लडाखमधील त्या उंचीवरच त्याचा मृत्यू झाला. प्रॅट हेही त्याच वर्षी गाझीपूर येथे वारले.

एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरविलेला विवृत्ताभ, ज्याची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७७.२८ किलोमीटर आणि चपटेपणा १/३००.८ आहे, तो हिंदुस्थानच्या कंसाला चपखल बसविलेला होता. त्याचा आरंभबिंदू कल्याणपूर. ओळंब्याचे ते विचलन त्यात कायमचे गोठले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीच्या नकाशांकरिता जागतिक विवृत्ताभ स्वीकारला, तोपर्यंत भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे एव्हरेस्टच्याच मापावर निघत. आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून आजही असे जुने नकाशे आहेत आणि किल्ले, वीरगळ, जुन्या वाटा यांच्या नोंदीसाठी इतिहासाचे विद्यार्थी ते वापरतात. मोबाइलवरील उपग्रहाधारित अक्षांश-रेखांश त्यांवर थेट मांडले तर महाराष्ट्रात शंभर मीटरहून अधिक फरक पडू शकतो आणि टेकडीवरचा बुरूज शेजारच्या ओढ्यात जाऊन बसतो. अशा वेळी नकाशा चुकला, असा शेरा मारण्यापूर्वी आकडे एका विवृत्ताभावरून दुसऱ्यावर बदलून घ्यावेत; त्यासाठीची गणिती सूत्रे आणि संगणकप्रणाली भूगोल विभागातील सहकाऱ्यांकडे बहुधा मिळतात.